सोजरबाईची सहा पोती

“दोन एकर ठिवा, वैनी. बाकीची सगळी द्या. पर तळ्याकडची दोन एकर तेवढी ठिवा.”

सोजरबाई बांधावर उकिडवी बसून हे म्हणाली, तेव्हा मी हातात वही घेऊन उभी होते. समोर सोळा एकर मालदांडी ज्वारी होती, हिरवीगार, नुकती हुरड्यात आलेली. त्या साली आमच्या पंचक्रोशीत एवढं हिरवं दुसरीकडे कुठं उरलं नव्हतं. पावसानं दसऱ्याआधीच पाठ फिरवली होती, विहिरींनी तळ गाठला होता. आमचं रान मात्र गावतळ्याच्या खालचं, काळं, वरून भेगाळलं तरी पोटात ओल धरून ठेवणारं. येणारे-जाणारे रस्त्यावर थांबून आमच्या ज्वारीकडे बघायचे, आणि मी त्यांच्याकडे बघायचे. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटायची.

जीपला टेकून इंगळे उभा होता. हा जनावरांच्या छावण्यांना चारा पुरवायचा. त्याला दाणा नको होता, हिरवं धाट हवं होतं, आणि आठ दिवसांच्या आत हवं होतं. महिना-दीड महिना थांबून, ज्वारी काढून, मळून, धान्य आणि कडबा मिळून आमच्या हातात जे आलं असतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो आज द्यायला तयार होता. कापणार तो, भरणार तो, नेणार तो. अट एकच. घेईन तर सगळं रान घेईन.

“दोन एकर मागं राहिली तर माझा एक ट्रक अर्धा जाणार, ताई,” तो म्हणाला. “मग मी पलीकडच्या गावात ऊस बघतो.”

ऊस त्याला मिळाला असता, हे मला ठाऊक होतं.

मी बार्शीची. माझे वडील आडत दुकानात मुनीम होते, चाळीस वर्षं. आमच्या घरी रात्री ताटावर बसलं की आधी दिवसाचा भाव सांगितला जायचा, मग घास. ज्वारी, तूर, हरभरा, कुठल्या गावची आवक किती, कोण घाबरून विकून गेला, कोण थांबला. इतर मुली गाणी पाठ करायच्या तशी मी भाव पाठ करायचे. लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या या गावात आले तेव्हा नवरा एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोन दिवस घरी. सासूबाई तिसऱ्या वर्षी गेल्या आणि सासऱ्यांनी, आप्पांनी, कोठीच्या किल्ल्या आणि शेतीची वही माझ्याकडे दिली. गावात चर्चा झाली. आप्पा म्हणाले, “तिला कळतंय, मला नुसतं पिकवाय येतंय.” हे वाक्य मी कितीतरी दिवस पदरात बांधल्यासारखं जपलं होतं.

सोजरबाई आमची ज्वारी काढायला येत होती ती माझ्या लग्नाच्याही कितीतरी आधीपासून. ती, तिचा नवरा, मुलगा, सून आणि विधवा नणंद. आमच्याकडे ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तीन आठवडे वाकून उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. तळहाताची सालपटं निघतात. त्याबद्दल त्या पाच जणांना सहा पोती ज्वारी, एवढं ठरलेलं. पैशाचा संबंध नाही. भाव चढो की पडो, सहा पोती. त्या सहा पोत्यांवर त्या घराची वर्षभराची भाकरी चालायची. मीठ-मिरची, कपडा, औषध यांसाठी ते वर्षभर कुठं ना कुठं मजुरी करत, पण भाकरीची काळजी आमच्या रानानं मिटवलेली होती. म्हणून तर ती बांधावर येऊन बसली होती.

“मावशी, दोन एकर ठेवली तर पाखरं ठेवतील का?” मी म्हटलं. “चौदा एकर कापल्यावर सगळ्या मुलखातली पाखरं त्या दोन एकरांवर येतील. कणसाला दाणा राहायचा नाही.”

“मी राखीन. माळा बांधून बसंन. धनी बसंल रातचं.”

“आणि इंगळे सगळंच घेतो म्हणतोय.”

“त्यो म्हनंल. तुमी काय म्हंता?”

मी वहीत बघितलं. वहीत सगळं स्पष्ट होतं. एका बाजूला पाखरं, अवकाळी, मळणीयंत्राचं भाडं, उतरणारा भाव. दुसऱ्या बाजूला रोख रक्कम. काढणीच्या मजुरीसमोर मी ‘सहा पोती वाचली’ असं लिहून खाली रेघ ओढली होती. आणि मग मला वाटलं, नाही, असं बरं नाही. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

“मावशी, तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही,” मी म्हटलं. “सहा पोत्यांचे आजच्या भावानं जे होतात ते मी तुम्हाला रोख देते. बारा हजार. काम न करता. घरी बसून.”

इंगळे हसला. “ताई, असली मालकीण मला बी मिळू द्या.”

सोजरबाई हसली नाही. “पैसं नगं, वैनी. पैसं घरात ऱ्हात न्हाईत. दानं ऱ्हात्यात.”

“अहो, पैशाचे दाणेच येतात ना? बाजारात काय ज्वारी मिळत नाही?”

“मिळती की.” तिनं एक धाट हातात धरलं, कणसावरून बोट फिरवलं, सोडून दिलं. “काम न करता घ्याचं म्हंजी कसंसंच वाटतंय.”

मी संध्याकाळी आप्पांना विचारलं. ते ओट्यावर बसून चंची उघडत होते. म्हटलं, असं असं आहे, सगळं रान द्यावं म्हणते.

“तुला पटतंय न्हवं?”

“आकड्यात तर पटतंय.”

“मग झालं की,” ते म्हणाले आणि पान लावायला लागले. सुपारी कातरताना त्यांचा हात मध्येच थांबला होता, हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ते बोलले असते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईला घरी बोलावून मी बारा हजार तिच्या हातात ठेवले. अंगणात इंगळेचा माणूस ट्रक कुठून आत घ्यायचे ते विचारत उभा होता. सोजरबाईनं नोटा दोन्ही हातांत धरल्या, जरा अवघडल्यासारख्या, आणि म्हणाली, “मग ही माजी सा पोतीच समजू का?”

“समजा की.”

“लागंल तवा तुमच्याच कोठीतनं न्हीन. भाईरची ज्वारी आमाला गोड लागत न्हाई.”

“बरं बरं,” मी म्हटलं आणि ट्रकवाल्याला कुंपण दाखवायला गेले.

हे दोन शब्द मी म्हटले होते. पुढं कितीतरी वेळा मी स्वतःशी वाद घातला की ते नुसते बोलायचे म्हणून होते, समोरचं माणूस वाटेला लागावं म्हणून आपण म्हणतो तसे. पण ते म्हटले होते.

आठ दिवसांत रान मोकळं झालं. आमचं बघून तळ्याकाठच्या आणखी चौघांनी आपापली ज्वारी हिरवीच दिली. पलीकडच्या गावातही तेच झालं. जिथं जिथं थोडीफार तगली होती, तिथं तिथं दाणा भरायच्या आधी ती गुरांच्या दावणीला गेली. त्यात वाईट काही नव्हतं, गुरंही जगायला हवीत. पण एवढं धान्य बाजारात येणारच नाही, याचा अर्थ काय हे मुनिमाच्या मुलीला सांगावं लागत नाही. आमच्या कोठीत घरखाण्याची सोडून मागच्या सालची चौदा पोती होती. वडिलांचा बार्शीहून दिवसाआड फोन यायचा. होळीला म्हणाले, “सोडू नकोस.” पाडव्याला म्हणाले, “अजून सोडू नकोस.” माझ्या आवाजातली खुशी त्यांना कळत होती, त्यांच्या आवाजातली मला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालाचे भाव लिहिलेल्या माणसाच्या मुलीकडे स्वतःचा माल होता, आणि भाव रोज चढत होता.

वैशाखात एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. सोजरबाई आणि तिचा मुलगा होता. गाडीत सहा रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. ऊन असं होतं की बैलांनी माना खाली घातल्या होत्या. मी पाणी दिलं, गूळ दिला. ती ओट्याच्या पायरीवर बसली, आप्पा वर खाटेवर पडले होते.

“संपली बगा मागची,” ती म्हणाली. “काल शेवटचं दळान केलं. म्हनलं आता न्यावी.”

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि नोटा काढून माझ्यापुढं धरल्या. मी दिल्या होत्या त्याच. बारा हजार, जशेच्या तसे. मुलानं मोटरसायकलच्या पहिल्या हप्त्यासाठी मागितले होते, दिले नाहीत. नणंदेचा दात दुखत होता, तरी हात लावला नाही. हे तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिच्या दृष्टीनं ते पैसे नव्हतेच. आमच्या कोठीत तिची सहा पोती होती आणि त्यांची पावती तिच्या कमरेला होती.

मी नोटा हातात घेतल्या. आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला होता. आणि माझ्या तोंडून निघालं. खरं सांगते, विचार करून निघालं नाही, ताटावर बसल्यावर निघायचं तसं निघालं.

“मावशी, आज भाव चार हजार आहे. याची तीन होतात.”

तिला आधी कळलंच नाही. “कशाची तीन?”

“बारा हजारांची. तीन पोती.”

“पर सा हुती की, वैनी.”

“तेव्हाच्या भावानं सहा होती. आता भाव दुप्पट झालाय ना.”

तिनं मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीकडे बघत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आता रागावेल, भांडेल, तुम्ही ‘समजा की’ म्हटलं होतं म्हणेल, असं वाटून मी आतल्या आत उत्तरं जुळवत होते. बाजाराचा नियम, सगळ्यांना सारखाच, मी तरी काय करू, वगैरे. ती सगळी उत्तरं तयार होती आणि एकाचीही गरज पडली नाही.

“बरं,” ती म्हणाली. “तीन तर तीन.”

मी कोठी उघडली. मुलानं तीन पोती पाठीवर घेऊन गाडीत टाकली. उरलेली तीन रिकामी पोती सोजरबाईनं पुन्हा नीट घडी घातली, घडीवर घडी, कडा जुळवून, आणि त्यांच्यावर बसून ती गेली. जाताना “येतू, वैनी,” म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली.

गाडी वळल्यावर आप्पा खाटेवरून म्हणाले, “म्या भाव सांगितला नसता.”

मला राग आला. आपण चुकलोय असं वाटायला लागलं की येतो तसला. “मग तेव्हाच बोलायचं होतं ना! इथंच तर होता तुम्ही.”

“किल्ल्या तुज्याकडं दिल्यात,” ते म्हणाले. मग उठून बसत म्हणाले, “माजंबी चुकलं. हिरवी कापू द्यायची न्हवती.”

“नुकसान झालं असतं, आप्पा.”

“दर सालीच व्हायचं. तूर लावली असती तर ज्वारीपरास चार पैसं जास्त मिळालं असतं, ह्ये काय मला कळत न्हवतं व्हय? सोळा एकर ज्वारी आपुन काय एकट्यासाठी लावत हुतो?”

इतकी वर्षं ज्या वहीला मी आमची शेती समजत होते, तिच्यात ही गोष्ट कुठंच नव्हती. आणि त्यांनीही कधी सांगितली नव्हती, कारण त्यांच्या मते ती सांगायची गोष्टच नव्हती.

त्याच संध्याकाळी मी कोठीतली तीन पोती वेगळी काढून भिंतीला लावली. ठरवलं, उद्या गडी करून पोचवते. उद्या नवरा घरी आला, राहून गेलं. परवा गाडी मिळाली नाही. मग वाटायला लागलं, आता एकदम पाठवली तर ती काय समजेल? दान केल्यासारखं दिसेल. आपण चुकलो हे कबूल केल्यासारखं दिसेल. त्यातलं दुसरं कारण खरं होतं. बारा दिवस ती पोती भिंतीला होती. येता-जाता माझी नजर जायची. तेराव्या दिवशी वडिलांचा फोन आला, भाव आणखी दोनशेनं चढलाय, आता पाऊस लागायच्या आत सोड. टेम्पो आला. हमालानं आठ पोती उचलली आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, “ही बी का?”

मी म्हटलं, “ही बी.”

आज या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्या व्यवहारात मला जेवढे पैसे मिळाले तेवढे आधी किंवा नंतर कुठल्याच ज्वारीत मिळाले नाहीत. वडील तर नातेवाइकांत सांगत सुटले होते. मला त्यातला एक रुपयाही कुठं खर्च झाला ते आठवत नाही, पण “ही बी” म्हणताना माझा हात कोठीच्या चौकटीवर होता ते आठवतं. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

तीन पोती त्या घराला दिवाळीपर्यंत पुरली. दिवाळीनंतर सोजरबाईच्या मुलानं मुकादमाकडून उचल घेतली आणि तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, लांब, नदीपलीकडच्या कारखान्यावर. सोजरबाईच्या नवऱ्याला रेशनच्या दुकानात पोती उचलायचं काम मिळालं. हे मला पाणवठ्यावर कळलं.

पुढच्या साली पाऊस उत्तम झाला. आदल्या वर्षीचा भाव बघून ज्यानं त्यानं ज्वारीच लावली होती, बांधापासून बांधापर्यंत. आमचीही सोळा एकर होती. तूर लावायचा विषय मी काढला नव्हता. माघात काढणीची वेळ आली तसं मी स्वतः सोजरबाईच्या घरी गेले. घरात ती आणि नणंद, दोघीच. मी मनाशी ठरवूनच गेले होते.

“मावशी, औंदा सहा नाही, आठ पोती देते.”

तिनं मला बसायला पोतं अंथरलं. चहा ठेवला. मग चुलीपाशी बसूनच तिनं विचारलं, “आज भाव काय हाय, वैनी?”

मला सांगावं लागलं. पंधराशे होता, आणि अजून उतरणार होता.

तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं. “मंग ज्वारी नगं. रोखीनं द्या. बाईला दोनशे चाललंय सगळीकडं. मी सा बाया आनते.”

हिशोब बरोबर होता. माझ्या वहीतसुद्धा तेच उत्तर आलं असतं. मी “बरं” म्हटलं.

त्या सहा बायका घेऊन ती यायला लागली. टेम्पोनं नऊला यायच्या, पाचला जायच्या. काम चोख होतं, बोट ठेवायला जागा नाही. रोजची मजुरी रोज. नवव्या दिवशी निम्मं रान झालं होतं. संध्याकाळी मी पैसे दिले तेव्हा सोजरबाई म्हणाली, “वैनी, उद्यापास्नं आमी येनार न्हाई.”

“का? काय झालं?”

“कालव्याच्या पल्ल्याड दोनशे धा देत्यात.”

इतक्या वर्षांत तिनं आमचं रान अर्ध्यात कधी सोडलं नव्हतं. तापात आली होती, सुनेचं बाळंतपण आटपून चौथ्या दिवशी आली होती. मी तिच्या चेहऱ्यावर काही शोधत होते, थोडा तरी डंख, थोडा तरी वचपा. काही नव्हतं. ती मला फक्त सांगत होती, उद्या गैरसोय होऊ नये म्हणून.

बायका टेम्पोत चढत होत्या. मी तिच्या मागं गेले आणि जे वर्षभर गिळत आले होते ते शेवटी बोलले.

“मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. मी सहा द्यायला हवी होती. तुमची होती ती.”

ती एक पाय फळीवर ठेवून माझ्याकडे वळली. खरोखरच आश्चर्यानं बघत होती. “चुकलं कसं? भाव त्यो भाव, वैनी. तुमी काय खोटं मापलं का?” मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तिनं माझ्या दंडावर थोपटलं. “मलाच कळायचं राहिलं हुतं.”

आणि ती वर चढली. टेम्पो सुरू झाला. सूर्य कलला होता आणि माझ्यामागं आठ एकर ज्वारी वाळून कडक होऊन उभी होती. आणखी चार दिवस राहिली असती तर दाणा झडायला लागला असता.

“मी वीस देते!” मी ओरडले. “दोनशे वीस!”

टेम्पो थांबला. सोजरबाईनं मागच्या बाजूनं डोकं बाहेर काढलं.

“मंग येतू,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता ती सहाही बायका घेऊन रानात हजर होती.